इनामदारांचं विलायती इंजिन

नऊला जुन्या मोटारींची मिरवणूक निघायची होती. साडेआठ वाजले तरी इनामदारांच्या मोटारीत त्यांनी स्वतः पारखून आणलेलं इंजिन बसेना. बोल्टांची भोकंच जुळेनात. इनामदार येरझाऱ्या घालत गरजले, “इंजिन अस्सल विलायती आहे, याच मोटारीचं! खोट तुझ्या हातात आहे, हैबती. उद्यापासून गॅरेजला कुलूप!”

हैबती मिस्त्रीनं इंजिनाच्या सांदीतलं पांढुरकं किटण बोटानं खरवडलं आणि जिभेला लावलं.

“सरकार, हे ज्वारीचं पीठ आहे. विलायतेतले लोक भाकरी कधीपासून खायला लागले?”

जमलेल्यांना हसू आवरेना. इनामदारांच्या येरझाऱ्या थांबल्या. “मग आता मिरवणुकीचं काय?”

“मिरवणूक राहू द्या,” हैबती अदबीनं म्हणाला. “गिरणीचं इंजिन उत्तम आहे. पायलीभर ज्वारी पाठवा, दळून देतो.”