चंद्रामावशीचं दार

जांभळीच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं, तेव्हाची ही गोष्ट. दारावर पहाऱ्याला म्हातारी चंद्रामावशी असायची. बाहेर पडणारी प्रत्येक माशी तिला "येते गं मावशी" म्हणायची, आणि मावशी प्रत्येकीला "ये हो" म्हणायची.

एका सकाळी आत गलका झाला. शेजारच्या पोळ्यातली एक लुटारू माशी आत शिरून मध चाखत होती. तिने परत जाऊन वाट सांगितली असती, तर तिचं अख्खं पोळं लुटायला आलं असतं.

"कोणालाही आत घेऊ नका!" राणी ओरडली.

"यायची ती आलीये, राणीसाहेब," मावशी म्हणाली. "आता बाहेर जाणं अडवायला हवं." आणि ती दारात आडवी बसली.

"मावशी, फुलं काय तुझ्यासाठी थांबणारेत?" मागून टोमणा आला.

"नाही थांबली तर उद्याची बघू. एकेकीने निरोप घ्या."

"येते गं मावशी." "येते हं." मग पोट टम्म फुगलेली एक माशी घाईने म्हणाली, "जाते मी."

मावशी जागची हलली नाही. "आमच्याकडे जाते म्हणत नाहीत, बाळ."

लुटारू दारातच पकडली गेली. चाखलेला मध गेला, पोळं राहिलं.

हिवाळ्यात मावशीही त्याच दारातून निघाली. "येते गं," म्हणाली. आता तिथे नवी पहारेकरीण बसते, पण मावशीपुरती जागा सोडून, जराशी सरकून.