दीड किलोचा प्लेअर

सीडी नव्यानेच निघाल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदताईंच्या स्टिरिओचा कॅसेट डेक मेला आणि दोन्ही स्पीकर मुके झाले. ताईंनी दुकानातला सर्वांत स्वस्त सीडी प्लेअर आणला. पसंत नाही पडला तर संध्याकाळी परत, अशा बोलीवर.

क्रोशाचं कव्हर पांघरून बसलेल्या म्हाताऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने विचारलं, "वजन किती रे तुझं?"

"दीड किलो, आजोबा."

"माझं अकरा! हलकं यंत्र हलकंच वाजणार. जा परत."

डावा स्पीकर भडकला. "तुमच्या पाठीवर आणखी एका यंत्राची वायर खोचायची जागा पहिल्यापासून रिकामी आहे. अकरा किलोंचा एवढा माज, मग आम्ही मुके का? आधी ऐका, मग बोला!"

ताईंनी वायर खोचली आणि प्लेअरमध्ये सीडी घातली. आधी नुसती शांतता आली, खरखर अजिबात नाही. त्या शांततेत गाणारीने श्वास घेतला आणि मग सूर लागला.

स्पीकर थरारले. हेच गाणं त्यांनी कॅसेटवर हजारदा वाजवलं होतं. हा श्वास तेव्हाही तिथेच होता, खरखरीत बुडालेला.

ताईंनी डोळे पुसले आणि परतीची पावती फाडून टाकली.

"तरीपण वजन..." म्हातारा सुरू झाला.

"गप्प बसा, आजोबा," उजवा स्पीकर हळूच म्हणाला. "ती पुन्हा श्वास घेतेय."