मावशीच्या मांडीत सूप

आजोबांना नीट आठवायचं नाही, कामं चार ठरली होती की पाच. चार असावीत. पाचही असतील. गोष्ट सांगताना दर वेळी ते इथंच अडायचे. डोकं खाजवायचे. मग म्हणायचे, "चार धरू. चूक असेल, तर मी शोधून काढीन."

तर चार.

करवंदीच्या जाळीखाली एक बीळ होतं. बिळात उंदरांचं घर होतं. घरात इवली होती. इवली म्हणजे उंदराचं पिल्लू. केवढं? चिंचोक्याएवढं.

इवलीची आई रोज शेतावर जायची. दाणे आणायची. मग इवलीला कोण बघणार? सशीणमावशी बघणार.

सशीणमावशी मोठी होती. बिळात मावायची नाही. म्हणून अंगणात बसायची. तिची मांडी मऊ होती. तिची मांडी ऊबदार होती.

मावशी आली, त्या पहिल्या दिवशी आईनं आपला पुढचा पंजा वर केला. एकेक बोट मोजलं.

"इवलीची वाटी. इवलीचं दुपटं. इवलीची खेळणी. इवलीची झोप. मावशी, एवढी कामं तुमची. बाकीची आमची."

"बरं," मावशी म्हणाली.

मग रोज दुपारी मावशी इवलीला मांडीत घ्यायची. तिचा पंजा धरायची. बोटं मोजायची. वाटी, दुपटं, खेळणी, झोप. शेवटच्या बोटाला इवली झोपायची. गुडुप.

आणि एक दिवस मांडी हरवली.

दुसऱ्या दिवशीही हरवली. तिसऱ्या दिवशी इवलीचे डोळे लाल झाले. डोळे चोळत चोळत ती अंगणात आली. लुटुलुटु, लुटुलुटु. मांडीवर चढायला गेली. टक्! डोकं आपटलं.

मांडीत सूप होतं. सुपात ज्वारी होती. ज्वारीत खडे होते.

"मावशी, मावशी, मांडी दे."

मावशीचे कान खाली पडले. "कशी देऊ, बाळा? मांडीत सूप आहे. सूप आजींचं. 'आजच्या दिवस निवडा,' म्हणाल्या. तो आजचा दिवस काही संपेना. आजींनी सूप घेतलं, तर मांडी रिकामी होईल."

इवली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

आजी केर काढत होती. खर्र खर्र, खर्र खर्र.

"आजी, आजी, सूप घे.
आजी सूप घेईल,
तर मांडी रिकामी होईल,
तर इवली झोपेल."

आजी म्हणाली, "सूप माझंच गं. पण हातात केरसुणी आहे. केरसुणी काकाची. काकानं केरसुणी घेतली, तर मी सूप घेईन. जा, सांग त्या लाटसाहेबाला."

इवली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

काका पाणी आणत होता. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"काका, काका, केरसुणी घे.
काका केरसुणी घेईल,
तर आजी सूप घेईल,
तर मांडी रिकामी होईल,
तर इवली झोपेल."

काका म्हणाला, "केरसुणी माझीच. नाही कोण म्हणतं? पण डोक्यावर घागर आहे. दोन्ही हात घागरीला. केर काय शेपटीनं काढू? घागर आत्याची. आत्यानं घागर घेतली, तर मी केरसुणी घेईन."

इवली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. वाटेत एक जांभई आली. आऽऽ.

आत्या भांडी घासत होती. घस घस, घस घस.

"आत्या, आत्या, घागर घे.
आत्या घागर घेईल,
तर काका केरसुणी घेईल,
तर आजी सूप घेईल,
तर मांडी रिकामी होईल,
तर इवली झोपेल."

आत्या म्हणाली, "घागर माझीच. पण पुढ्यात भांडी आहेत. भांडी तुझ्या बाबाची. सकाळी म्हणाला, 'आलोच.' अजून येतोय. बाबानं भांडी घेतली, तर मी घागर घेईन."

इवली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. दोन जांभया आल्या. आऽऽ. आऽऽ.

बाबा धुणं धूत होता. धप धप, धप धप.

"बाबा, बाबा, भांडी घे.
बाबा भांडी घेईल,
तर आत्या घागर घेईल,
तर काका केरसुणी घेईल,
तर आजी सूप घेईल,
तर मांडी रिकामी होईल,
तर इवली झोपेल."

बाबा म्हणाला, "भांडी माझीच. पण हातात धुणं आहे. धुणं तुझ्या आईचं. आईनं धुणं घेतलं, तर मी भांडी घेईन." मग तो हळूच म्हणाला, "पण मी सांगितलं, असं म्हणू नकोस हं."

इवली निघाली. आता पाय उचलेनात. लुटु... लुटु... लुटु...

आई दाराशी होती. शेतावर निघाली होती. दाण्यांसाठी फडकं घेऊन गाठ मारत होती.

"आई, आई, धुणं घे.
आई धुणं घेईल,
तर बाबा भांडी घेईल,
तर आत्या घागर घेईल,
तर काका केरसुणी घेईल,
तर आजी सूप घेईल,
तर मांडी रिकामी होईल,
तर इवली झोपेल."

आई म्हणाली, "धुणं माझंच. पण मला उशीर झालाय, राणी. धुणं मावशीला दे. मावशी बसलेलीच असते."

इवली उभी राहिली. डोळे मिटत होते. तरी तिनं म्हणून पाहिलं. अगदी हळू.

"मावशी धुणं घेईल,
तर बाबा भांडी घेईल,
तर आत्या घागर घेईल,
तर काका केरसुणी घेईल,
तर आजी सूप घेईल,
तर मांडी रिकामी होईल,
तर..."

इवली थांबली.

"आई, तर मांडीत धुणं येईल. मांडी ओली होईल. मग मी कुठं झोपू?"

आईची गाठ अर्धीच राहिली.

इवलीनं आपला पुढचा पंजा वर केला. एकेक बोट मोजलं.

"इवलीची वाटी. इवलीचं दुपटं. इवलीची खेळणी. इवलीची झोप."

बोटं संपली.

"आई, धुणं कुठल्या बोटावर? सूप कुठल्या बोटावर?"

आईनं तो पंजा हातात घेतला. वरून पाहिला. उलटा करून पाहिला. बोट नव्हतं. मग तिनं स्वतःचा पंजा पाहिला. त्यावरही नव्हतं.

आईनं फडकं खाली ठेवलं. ती अंगणात गेली. मावशी ज्वारी निवडत होती. एक खडा इकडे, एक दाणा तिकडे.

"मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?"

मावशी सुपाकडे बघत म्हणाली, "आजच्या दिवस म्हणाल्या, ताई. सूप हलकंच होतं. आणि तुमच्या घरात बसून नाही कसं म्हणायचं?"

आई म्हणाली, "म्हणायचं. अडलं, तर आम्ही विचारू. तुम्हाला जमलं, तर हो. नाही जमलं, तर नाही. आणि इवलीला झोप आली असेल, तर नाहीच."

"बरं," मावशी म्हणाली. पहिल्या दिवशी म्हणाली होती, तसंच.

मग काय झालं?

आईनं धुणं घेतलं. धप धप, धप धप.
मग बाबानं भांडी घेतली. घस घस, घस घस.
मग आत्यानं घागर घेतली. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.
मग काकानं केरसुणी घेतली. खर्र खर्र, खर्र खर्र. हातानंच. शेपटीनं नाही.
मग आजीनं सूप घेतलं. "जड झालंय गं," म्हणाली. पण घेतलं.
मग मांडी रिकामी झाली.

मावशीनं मांडी झटकली. ज्वारीचा एक दाणा राहिला होता. तोही आजीला दिला.

इवली मांडीवर चढली. मांडी मऊ होती. मांडी ऊबदार होती. मावशीनं तिचा पंजा धरला.

"वाटी," मावशी म्हणाली.
"दुपटं," मावशी म्हणाली.
"खेळणी..."

चौथं बोट मोजायचं राहिलंच. इवली झोपली होती. गुडुप.

त्या दिवशी आईला शेतावर पोचायला उशीर झाला. दाणे थोडे कमी आले. जेवताना सगळ्यांनी थोडं थोडं कमी घेतलं. मावशीच्या मांडीत पुन्हा कुणी सूप ठेवलं नाही.

पुष्कळ वर्षं गेली. आजोबा अजून तिथंच अडत होते. कामं चार की पाच? मग एक दिवस धान्याच्या डब्यामागे एक उंदीर बसलेला त्यांना दिसला. दाणा खात होता. आजोबांनी चष्मा पुसला. श्वास धरला. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग पुस्तकातही पाहिलं.

उंदराच्या पुढच्या पंजाला बोटं चारच असतात.