उलटा चालणारा हमाल

फार पूर्वी धोंडबा मुंगळ्याचा धान्य वाहून नेण्याचा धंदा होता. पुढे धोंडबा, मागे सगळे मुंगळेच, पुढच्याच्या वासावर चालणारे. एकदा हमाल कमी पडले, म्हणून त्याने नाइलाजाने एक शेणकिडा घेतला. तो ओझं मागच्या पायांनी ढकलत उलटा चालायचा. "सरळ चालायला शिकेपर्यंत तोंड उघडायचं नाही," असं बजावून धोंडबाने त्याला रांगेच्या शेवटी ठेवलं.

त्या दिवशी दुपार टळली तरी वारूळ येईना. मुंगळे थकून कोसळू लागले, तेव्हा शेणकिड्याला राहवलं नाही.

"मालक, माझ्यामागून तुम्हीच येताय. सकाळपासून आपण गोल फिरतोय."

धोंडबा जागीच थांबला. "मग सकाळीच का नाही बोललास?"

"मी अजून सरळ चालायला शिकलो नाही, मालक."