फटीतली निळी फुले

ज्या काळी राजांना रिकामा वेळ पुष्कळ असे, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे.

एका राजाने महालापुढच्या चौकात काळ्या दगडाची फरशी घातली. फरशी देखणी झाली, पण दगडादगडांमध्ये बोटभर फटी राहिल्या. त्या फटींत बुटकी फुलझाडे लावावीत, असे राजाच्या मनात आले. झाड निवडायचे काम मुख्य माळ्याकडे गेले. चार महिन्यांवर उत्सव होता. तोवर झाड सापडले नाही तर फटी चुन्याने भरायच्या आणि माळ्याने मानाची पगडी उतरवून घरी जायचे, असे ठरले. तीस वर्षे ती पगडी त्याच्या डोक्यावर होती. तिच्याखाली काय आहे, हे आता त्याच्या बायकोलाही आठवत नव्हते.

त्या दरबाराची एक रीत होती. राजाला दाखवायची वस्तू चांदीच्या चौरंगावर ठेवून त्याच्या नाकाच्या उंचीला धरायची. झाडेही तशीच दाखवली गेली. शेवंती चौरंगावर शोभली, मंत्र्यांनी माना डोलावल्या. ती शोभली नसती तरी त्यांनी त्या डोलावल्याच असत्या. फटीत लावल्यावर ती गुडघ्याएवढी वाढली आणि राणीसाहेबांचा पदर तिच्यात अडकला. मग चिनीगुलाब आला. तो बुटका होता, रंगीतही होता. पण त्याची रसाळ पाने पायाखाली चिरडली आणि रणांगणात कधी न पडलेले सेनापती भर चौकात पडले.

उत्सव आठ दिवसांवर आला. माळी एरवी दुपारचे जेवण आटोपून बागेत येई. त्या दिवशी काळजीने झोप लागेना, म्हणून उजाडताच आला. मागच्या दाराशी पाणी भरणाऱ्या बायकांची वाट होती. तिथल्या जुन्या दगडांच्या फटींत त्याला काहीतरी निळे दिसले. तो वाकला. नीट दिसेना, म्हणून गुडघे टेकले. तेही पुरेना, तेव्हा पगडी काढून त्याने गाल दगडाला लावला.

जमिनीलगत पसरलेल्या बारीक पानांत नखाएवढी निळी फुले उमलली होती. आभाळाचा फटीत मावेल एवढाच तुकडा कुणी तिथे ठेवून दिला असावा, तशी.

तेवढ्यात सगुणा नावाची म्हातारी भरली घागर घेऊन आली आणि त्या फुलांवर पाय देऊन पुढे गेली. माळी कळवळला. पण पाऊल उचलताच देठ हलले आणि एकेक फूल पुन्हा वर आले.

"हे कोणी लावलं?" त्याने विचारले.

"लावलं कुणीच नाही," सगुणा म्हणाली. "उपटता मात्र तुम्ही, माळीबुवा, दर पंधरवड्याला. विष्णुक्रांता आहे ती. तुम्ही येता दुपारी, तोवर ती मिटलेली असते. मग तुम्हाला गवतच दिसायचं."

तीस वर्षे तो ते झाड मुळासकट उपटत होता, आणि तीस वर्षे ते परत येत होते. आयुष्यात पहिल्यांदा माळ्याला बागेपुढे हात जोडावेसे वाटले.

तो तसाच बोडक्या डोक्याने राजाकडे गेला. सेवक चौरंग घेऊन धावले. त्याने त्यांना थांबवले.

"महाराज, हे झाड आपल्याकडे येणार नाही. आपणच चलावं."

राजा मागच्या दाराशी आला आणि कुठे आहे, म्हणून उभ्यानेच विचारू लागला.

"उभ्याने दिसत नाही, महाराज."

लहानपणानंतर राजा प्रथमच जमिनीवर बसला. मग मंत्र्यांनाही बसावे लागले. त्यांतल्या दोघांना नंतर हात देऊन उठवावे लागले. राजा बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने मोजडी काढली, अनवाणी पाऊल हलकेच फुलांवर ठेवले आणि उचलले. फुले वर आली. राजा काही बोलला नाही, त्यामुळे मंत्र्यांना माना कशाला डोलवायच्या हेच कळेना.

चुना परत गेला. वर्षभराने सगळा चौक रोज सकाळी निळा होऊ लागला, आणि तो निळा असेपर्यंत राजाही तिथून अनवाणी जाऊ लागला. माळ्याची पगडी राहिली, पण बागेत तो ती काखेत धरून, सूर्याबरोबर येई. चौरंग कुणी मोडला नाही, कारण तो चांदीचा होता. त्यावर आता आंबे ठेवतात.

लहानथोरांनी यातून घ्यायचे ते एवढेच: ज्याची पारख करायची, आधी त्याच्या उंचीला जाऊन बसावे.