बिनखोचा गडी

“मग थोर कोण, आबा? एकदा तोंडानं सांगून टाका!”

विश्वंभर मैदानाच्या कडेला छाती काढून उभा होता. मंडळाच्या भिंतीवर यंदा एकाच थोर खोखोपटूचा फोटो लागायचा होता. कुणाचा, ते आबामास्तर ठरवणार होते. त्या फोटोपायी विश्वंभरची झोप उडाली होती.

आबा कट्ट्यावर शेंगा सोलत बसले होते.

“सगळ्यात जास्त गडी मी बाद केलेत. आकडे तोंडपाठ आहेत. म्हणू?”

“नको रे. जेवायची वेळ टळेल.”

“लोक म्हणतात, आपल्या संघातला दौलत मोठा. का, तर फायनलचा शेवटचा गडी त्यानं मारला! अशा फायनली काय मी जिंकल्या नाहीत?”

“अस्सं...”

आबांनी टरफलं झटकली, धोतर खोचलं. “चल, चौकात बस. मी धावतो.”

विश्वंभरला हसू फुटलं. आबांचे गुडघे चालतानाच कुरकुरायचे. पण गुरूची आज्ञा! तो दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात आबांकडे पाठ करून बसला.

आबा दुडक्या चालीनं निघाले. खांबाला वळसा घालून आले. त्याच्या पाठीशी थांबले...

विश्वंभरचे पाय शिवशिवले.

आबा तसेच पुढे गेले.

तेवढ्यात शेजारचं करडू उड्या मारत आलं आणि थेट त्याच्या नाकासमोर उभं राहिलं.

“अरे, हाच गडी! मार की!” आबा ओरडले.

“कसा मारू? तुम्ही खो कुठं दिलात? बिनखोचा उठलो तर फाऊल!”

“आं? असा नियम आहे होय?”

करडानं विश्वंभरची बाही निवांत चघळली आणि ते चालतं झालं. तो बापडा बसूनच राहिला.

आबा धापा टाकत समोर आले.

“तू एवढे गडी मारलेस... तुला खो कुणी कुणी दिला होता रे?”

विश्वंभरनं नावं मोजायला बोटं उघडली.

एकही मिटलं नाही.

एक नाव आठवेल तर शपथ! खो मागून येतो. त्याला आठवत होती ती नुसती पाठीवरची थाप. त्याला मनापासून लाज वाटली, आणि चघळलेल्या बाहीकडे बघून हसूही आलं.

“आबा... मग फोटो?”

आबा पुन्हा शेंगांकडे वळले होते.

“तुझाच लावू की. फक्त पाठीचा काढून आण.”