बशीची पाळी

एका गावात बाळकू नावाचा एक म्हातारा सुतार राहायचा. ‘इंग्रजी मी कोळून प्यायलोय,’ असं तो चारचौघांत सांगायचा आणि कुणी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणायचा, ‘पण पचलं नाही.’

गावातल्या बहुतेकांची नातवंडं परदेशात. फोनवर त्यांचं नुसतं फाडफाड इंग्रजी. म्हणून म्हातारी मंडळी संध्याकाळी वाचनालयात मंदाबाईंकडे शिकायला बसत. बाळकू पुढच्या बाकावर, इसाक पिंजारी अगदी मागच्या. दोघांच्या परसांमध्ये फक्त एक गडगा, दगडांची बुटकी भिंत, पण दोन वर्षं बोलणं नाही.

भांडण झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. पूर्वी रोज दुपारी इसाक गडग्यापाशी उभा राहून चमच्यानं बशी वाजवायचा. बाळकू हातातला रंधा टाकून हजर. चहा एकच. एकानं कप घ्यायचा, दुसऱ्यानं बशी, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मग बाळकू महिनाभर लेकीकडे राहून आला. बशी वाजली नाही, म्हणून हा गेला नाही. हा आल्याचं सांगायला फिरकला नाही, म्हणून इसाकनं बशी वाजवली नाही. दोघेही मानी, म्हणजे दोघेही गाढव.

एके दिवशी मंदाबाईंनी शिकवलं, की जे आपण नेहमी करायचो आणि आता करत नाही, ते सांगताना इंग्रजीत ‘यूज्ड टू’ म्हणतात. मग एकेकाला वाक्य करायला सांगितलं. तुळसाक्का विहिरीत सूर मारायची. नाना गवळी रेड्यावर बसून बाजारात जायचा. इंग्रजी राहिलं बाजूला, सगळा वर्ग मागे मागे चालू लागला. कुणी डोळे पुसले, कुणी चष्मा.

बाळकूनं आपण केस विंचरायचो असं सांगून टकलावरून हात फिरवला. वर्ग हसला.

“काका, मनातलं काहीतरी सांगा,” बाई म्हणाल्या.

बाळकू पुन्हा थट्टाच करणार होता. पण मागच्या बाकावरून ओळखीचा खोकला आला आणि तोंडातून भलतंच निघालं.

“आय अँड इसाक यूज्ड टू ड्रिंक वन टी.”

कुणी हसलं नाही. बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, समजलं, छान जमलं. जन्मात पहिल्यांदा बाळकूचं इंग्रजी कुणी बरोबर ठरवलं होतं.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “हे वाक्य चूक ठरवायचं असेल तर काय करावं लागेल?”

बाईंना कळलं नाही. त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःची बशी घेऊन गडग्यापाशी गेला. आपण आधी वाजवायची, ही लाज गिळायला वेळ लागला. मग त्यानं चमचा मारला. पलीकडे सामसूम. पुन्हा मारला, या वेळी उगाचच जास्त जोरात.

बऱ्याच वेळानं इसाक बाहेर आला. हातात एकच चहा. बाळकूनं सवयीनं कपाला हात घातला, तशी इसाकनं कप मागे ओढला.

“लेकीकडे गेलास त्या दिवशी कप तू घेतला होतास, सुतारा. आज बशी तुझी.”

तात्पर्य: जे संपलं म्हणून आपण उसासे टाकतो, त्यातलं बरंचसं नुसतं थांबलेलं असतं, पहिली हाक आपण मारली, तर ते पुन्हा सुरू होतं.